कोरी सरी

आष्ट्याच्या आक्काताई, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, कुणावरही विश्वास ठेवत नाहीत. खताच्या पोत्याची शिवण उसवली की आधी मूठभर खत हुंगतात, मग ओल्या तळहातावर चोळून बघतात. नवऱ्यामागे हळदीचं रान एकटीने सांभाळताना ही सवय लागली, असं त्या सांगतात. माझे यजमान म्हणतात, ती जन्मतःच तशी. बारशाला पाळण्यातून पाहुणे मोजत असेल.

एकदा एका नव्या औषधाने त्यांचं अख्खं पीक करपलं होतं. तेव्हापासून नवं औषध आणलं की एक सरी त्या कोरी ठेवतात. तिला ते औषध लागू द्यायचं नाही. "बाटली खोटं बोलंल, सरी न्हाई बोलायची."

माझी प्रांजल कृषीची पदवी घेऊन गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे राहायला गेली. पुण्याच्या कंपनीची नोकरी तिने लांबणीवर टाकली आणि आत्याकडे कोपऱ्यातला एक तुकडा मागितला. पिकाच्या मुळांत राहणारी एक बुरशी असते. ती लांबचं पाणी आणि स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मुळाला आणून देते, झाड तिला साखर देतं. हळद लावताना बेण्याबरोबर ती मातीत घालायची होती.

"बुरशी?" आक्काताईंनी पुडी हातभर लांब धरली. "आगं, गड्डं कुजवती ती बुरशी. ती माराय आमी औषध वततो, आन् तू इकत आणून घालतीस व्हय?"

"आत्या, ही चांगली असते."

"चांगली बुरशी! उद्या चांगला चोर घेऊन येशील."

तरी तुकडा दिला. अट एकच: गणपतीपर्यंत मुळांत ती बुरशी दाखवायची. नाही दिसली तर तुकडा परत, आणि प्रांजलने गुमान पुण्याला जायचं.

मला त्या अटीतच काळंबेरं दिसत होतं. इतक्या सहज देणाऱ्यातल्या त्या नव्हेत. सांगलीहून रोज फोन करून मी एकच विचारायची, आत्या काय करतेय? एकदा प्रांजल म्हणाली, "मी मेढ्याला मैत्रिणीकडे गेले होते. आले तर तुकड्याच्या बांधावर फवारणीचा पंप पडलेला."

गणपतीच्या तोंडावर तिने मुळं उपटून नेली आणि आपल्या कृषी कॉलेजात रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. जवळजवळ काहीच नव्हतं. तिला पुडीचा संशय. मला दुसराच. मी एसटीने आष्टा गाठलं.

"आक्का, तुकड्यात काय ओतलंत?"

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. "बुरशीचं औषध. तिची बुरशी माझ्या रानात शिरली आस्ती म्हंजे?"

"म्हणजे पोरीला घालवायचंच होतं तुम्हाला."

"घालवायचं आस्तं तर तुकडा कशाला दिला आस्ता, पल्लवी? लय शिकलीस, पर मन कोतंच."

प्रांजलने मध्येच विचारलं, "आत्या, औषध नवं होतं?"

"नवंच की. त्या—" आक्काताई थांबल्या. सूप खाली ठेवलं.

बांधाकडची शेवटची सरी कोरी होती.

त्या सरीची मुळं घेऊन त्या स्वतः कॉलेजात आल्या. एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिल्या. मुळाच्या आत निळ्या धाग्यांचं बारीक जाळं होतं.

"ह्ये तूच रंगानं काढलं न्हाईस कशावरनं?"

प्रांजलने औषध लागलेलं मूळ त्याच रंगात बुडवून दाखवलं. ते कोरं.

"मंजी माज्या हातानं मेली."

"या सरीतसुद्धा कमीच आहे, आत्या. लावणीला तू सुपर फॉस्फेट ठासून टाकलंस. आयतं स्फुरद मिळालं की झाड बुरशीला दारात उभं करत नाही."

"झाड शाणं हाय म्हणायचं." मग बाहेर पडताना म्हणाल्या, "फुडल्या सालीबी ठेव तुकडा. फॉस्फेट टाकत न्हाई, औषध वतत न्हाई. पर एक सरी तुज्या बुरशीबिगर लावायची. पुडीबी बाटलीचीच भैन."

प्रांजलने पुण्याला नकार कळवला. आष्ट्याहून निघताना मी गोठ्यातल्या फळीकडे नजर टाकली. औषधाची अर्धी बाटली अजून तिथेच होती, बूच घट्ट लावलेली.

पुढच्या पावसाळ्यात मेढ्याला जायचं नाही, असं मी प्रांजलला बजावलं आहे.