आंब्याखालची अबोली

लग्न होऊन वरसे गावात आल्यापासून वृंदाचं एकच मागणं होतं: परसातल्या आंब्याची दक्षिणेकडची फांदी तोडा, मला मोगरा लावायचाय. नवरा त्र्यंबक, रोह्याच्या शाळेत गणिताचा मास्तर. शाळेत काय नि घरात काय, कुणाचं ऐकून घ्यायची सवयच नाही. आंबा त्यांच्या वडिलांनी लावलेला. फांदी राहिली, मोगरा राहून गेला.

मग वृंदानं पेणहून, माहेरून, अबोलीची रोपं आणली. ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर ठेवून. आंब्याखाली ऊन नाही, आणि दिवाळीनंतर ओलही नाही. सगळं पाणी आंबाच पिऊन टाकतो. तिथे गवतसुद्धा धड उगवायचं नाही. पण बाई हट्टाला पेटली. गळलेला पाला तिनं कुणाला झाडू दिला नाही. बुंध्यापासून चार हात लांब खड्डे घेतले, आठवड्यातून दोनदा मुळाशी तांब्याभर पाणी घातलं, बस्स. अबोली बाराही महिने हिरवी राहिली आणि फुलत राहिली. जोडीला पिवळी कोरांटीही आली. संध्याकाळी ओटीवर पाय पसरून वृंदा वेणी गुंफायची. ते केशरी बोटभर फुलांचं काम आठवलं की त्र्यंबक सरांना आजही गलबलून येतं.

गेल्या श्रावणात वृंदा गेली. तिनं आयुष्यात एवढंच मागितलं आणि आपण तेही दिलं नाही, हे सरांच्या मनाला खात राहिलं. माघात त्यांनी माणूस बोलावून फांदी उतरवली. परस लख्ख उजळलं. सरांना फार बरं वाटलं. मोगऱ्याची चौकशी करायला ते पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावातही जाऊन आले.

चैत्रात अबोलीची पानं कडेनं करपली. सरांनी पाणी वाढवलं, तशी तिनं मानच टाकली. वीस वर्षं घरकामाला येणाऱ्या मालूनं ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"सर, सावलीत वाढलेली झाडं ही! एकदम उन्हात जगतील व्हय? वर कायतरी बांधा, आजच्या आज."

बांधण्याजोगं कापड होतं ते वृंदाच्या कपाटात. आठ महिन्यांत सरांनी ते उघडलं नव्हतं. आता उघडलं, दोन सुती साड्या काढल्या, आणि बांबूला बांधता बांधता म्हातारा ढसाढसा रडला. मालू तोंड फिरवून गाठी मारत राहिली.

तीन आठवड्यांनी बुडातून नवी पालवी फुटली. सर ओणवे होऊन बघत होते.

"जगली गो मालू! चुकलंच माझं. पण निदान तिचं मागणं तरी पुरवलं."

"ते वैनींनी कवाच सोडलं होतं. म्हणायच्या, आता फांदी तोडली तर मीच भांडेन सरांशी. माझी अबोली मरंल."

"मला कधी बोलली नाही ती."

"बोलल्या. माझ्यासमोर दोनदा बोलल्या," मालू म्हणाली. "आंब्याचं नाव निघालं की तुम्ही पेपर तोंडासमोर धरायचात."