शेवटच्या दृश्यात पाऊस नव्हता

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तसं पाहिलं तर गोष्ट एका पिक्चरची आहे, तीन भागांच्या सुपरहिरोच्या पिक्चरची. पन्नाशीच्या माणसाने असं काही इतकी वर्षं मनात धरून बसावं? तुम्ही हसाल. हसा. मला हसू येत नाही, म्हणून लिहितोय.

विलास माझा शाळेपासूनचा मित्र. तो उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये जीन्सच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होता. मी अंबरनाथला एका कंपनीत स्टोअरला. त्या पिक्चरचे तीन भाग काही काही वर्षांनी आले आणि तिन्ही आम्ही एकत्र पाहिले. पाहिले म्हणतोय खरा — पहिला विलासने नीट पाहिला. दुसऱ्याच्या वेळी काचबिंदूने नजरेच्या कडा खाल्ल्या होत्या, मान वळवून वळवून बघत होता. तिसऱ्याच्या वेळी काहीच उरलं नव्हतं.

तोवर आमची एक पद्धत बसली होती. त्याचा हात माझ्या हातात, माझं तोंड त्याच्या कानाशी. संवाद त्याला ऐकू यायचेच. मधल्या मुक्या जागा मी भरायच्या. दुसऱ्या कुणाचं सांगणं त्याला चालत नसे. बाकीचे आपलं मत घुसडतात, म्हणायचा.

तिसऱ्या भागात हिरोची शक्ती जाते, हे जाहिरातीतच कळलं होतं. विलास त्यासाठीच आला होता. अंधांसाठीच्या संगणक वर्गाचा फॉर्म बहिणीने आणून ठेवला होता आणि दोन महिने तो घरात तसाच पडून होता. इंटरव्हलला वडा खाता खाता तो म्हणाला, "बघू, शक्ती गेल्यावर हा काय करतो ते." चेष्टेत म्हणाला. पण ती चेष्टा होती का?

इंटरव्हलनंतर मागून कुणीतरी म्हणालं, "ओ चाचा, कॉमेंट्री बंद करो ना." पोरं हसली. विलासही हसला. आणि पुढच्या रांगेतून एक मान वळली — आमच्या कंपनीतले साहेब, बायकोबरोबर आलेले. त्यांनी मला पाहिलं, विलासला पाहिलं, आमच्या हातांकडे पाहिलं. मी हात काढून घेतला आणि सांगणं बंद केलं.

इथपर्यंत सांगणं सोपं आहे. पोरांनी टोमणा मारला, साहेबांनी पाहिलं. पण मला गप्प बसवलं कुणी? कुणीच नाही. मला लाज वाटली. स्वतःची नाही — विलासची.

शेवटी हिरो फुटत्या धरणाखाली जातो आणि पडदा काळा होतो. मग एक दृश्य येतं, एकही शब्द नसलेलं. कुठल्याशा गावात एक पाठमोरा माणूस नळाखाली बादली भरतोय. भरलेली बादली तो दोन्ही हातांनी, धापा टाकत उचलतो आणि चालू लागतो. चेहरा दाखवतच नाहीत. एका हाताने रेल्वेचा डबा उचलणारा तो हाच? की दुसराच कुणी? लोक पुढे यावर कितीतरी वर्षं भांडले.

विलासने विचारलं, "पाणी कसलं रे?"

"पाऊस," मी म्हणालो. "तो गेला. नावं आली, चल."

"नळासारखं वाटलं."

"पाऊसच आहे."

तो खुर्चीला धरून उठला. मग म्हणाला, "बरं झालं, गेला. नुसता राहून काय केलं असतं?"

मला साहेबांच्या आधी बाहेर पडायचं होतं. नंतर रिक्षात सांगता आलं असतं, त्याच्या दारात सांगता आलं असतं. नाही सांगितलं. तो फॉर्म त्याने कधीच भरला नाही. पिक्चरमुळे भरला नाही, असं मी म्हणत नाही — पण त्यामुळे नसेलच, असं तरी कुठल्या तोंडाने म्हणू?

आणि मग बदलापूर. आमच्या वर्गातल्या सुरेशने तिथे फ्लॅट घेतला, पूजेला सगळे जमलो. जेवताना तोच वाद निघाला. सुरेश म्हणत होता बादलीवाला तोच. दुसरा एक वर्गमित्र त्याला येड्यात काढत होता. विलासने मध्येच विचारलं, कुठली बादली? सुरेशने सांगितलं, शेवटच्या दृश्यातली. विलास मी बसलो होतो त्या बाजूला वळला.

"होती का रे बादली?"

एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, "थेटरात नव्हती. यांनी मोबाइलवर दुसरंच काहीतरी बघितलं असेल."

सुरेशला हसू फुटलं. विलास त्याच्यावर चिडला. "हा होता माझ्या शेजारी," तो म्हणाला. "हा माझ्याशी खोटं बोलेल होय?"

सुरेशने माझ्याकडे पाहिलं आणि हसणं थांबवलं. त्याला कळलं असावं. मी भातावर वरण घेतलं आणि जेवत राहिलो.

तो माणूस हिरो होता की नव्हता, हे ज्याने त्याने आपापलं ठरवलं. मला विचाराल तर तोच होता. पण माझ्या मताला काय किंमत आहे? ठरवायचं होतं विलासने, आणि मी त्याला ते दृश्यच मिळू दिलं नाही. एकदा लाजेपोटी. दुसऱ्यांदा, पहिलं उघडं पडेल म्हणून.

विलास विठ्ठलवाडीला राहतो, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. काल त्याचा फोन आला होता. आम्ही बराच वेळ बोललो. हे बोललो नाही.