पोळ्यांचं गाणं

“मॅनेजर तुमीच ना जी? मंग सांगा, गाणं कुठी गेलं?”

रविवारचा तीनचा शो संपून दोन मिनिटं झाली नव्हती आणि लेडीज बाल्कनीतून उतरलेल्या वीसेक बायका माझ्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. सर्वांत पुढे मेश्रामबाई. त्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या. प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत नजर हलवायची नाही, ही त्यांची शाळेतली सवय त्यांनी थिएटरातही आणली होती.

“कोणतं गाणं?” मी वेड पांघरून पेडगावला निघालो.

“पोळ्यांचं. थे वयनी सैपाकघरात एकटी बसून म्हणते, थे. शुक्रवारी होतं, म्या पाह्यलं. माही सासू, जाऊ, गल्लीतल्या साऱ्या जणी, आज त्याच्यासाठीच घेऊन आली मी इतक्या जणींले. अन् आज नाई. कसं काय नाई?”

गाणं कुठे होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. ते वर मशीनच्या केबिनमध्ये, पत्र्याच्या एका डब्यात गुंडाळून ठेवलं होतं. आदल्या दिवशी मीच ते पिक्चरमधून कापून काढायला लावलं होतं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपुरात घराघरांवर टीव्हीचे अँटेना उगवत होते आणि मी एका थिएटरचा नवा मॅनेजर होतो. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर फुकट पिक्चर लागायचा, त्यामुळे आमचा सहाचा शो ओस पडायचा. शेठ येता-जाता म्हणायचे, “गोडाऊन करून टाकू का हॉलचं?” ते थट्टा करतात की खरंच बोलतात, ते मला कधीच कळलं नाही. माझा पाय एका जागी ठरत नसे. शो चालू असताना मी लॉबीत येरझाऱ्या घालायचो आणि डोअरकीपर मला बघून हसायचे.

आमच्या धंद्यात ‘रिपोर्ट’ नावाची एक चीज असते. नवा पिक्चर लागला की मॅनेजरनं पहिल्या दिवशी इंटर्व्हलमध्ये चहाच्या स्टॉलपाशी उभं राहायचं, आपण कोण ते कळू न देता पब्लिक काय बोलते ते ऐकायचं आणि वितरकाला कळवायचं. पिक्चर दुसऱ्या आठवड्यात ठेवायचा की उतरवायचा, ते त्यावर ठरायचं. स्टॉलवरचा आमचा मोठा जाणकार म्हणजे चौरे. शहराबाहेर वाडी भागातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत क्लार्क होता. दर शुक्रवारी पहिल्या शोला हजर, आणि गाणी सुरू झाली की सिगारेट ओढायला बाहेर.

त्या शुक्रवारी इंटर्व्हलनंतर अर्ध्या तासानं चौरे आणि त्याच्यामागून पंधरा-वीस जण बाहेर आले.

“काय झालं?” मी विचारलं.

“काय होते? हीरो नाई, डान्स नाई. चार मिन्टं थे बाई पोळ्याच लाटून राह्यली.”

दुसरा म्हणाला, “टीव्हीवर इतक्या वेळात अर्धा एपिसोड होते बापा. परवाचा पाह्यला का? एका एपिसोडमंदी लग्न बी झालं अन् भांडण बी.”

“थो एपिसोड बंडल होता,” चौरे म्हणाला, “पण पळत तं होता! हा पिक्चर चांगला हाय, खोटं नाई बोलत. फक्त थे गाणं काढा. मंग पाहा कसा उठते.”

सहाच्या शोला तेच, नऊच्या शोला तेच. गाणं लागलं की दारं उघडत आणि माणसं बाहेर. प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य: गाणं काढा. मला वाटलं, एवढा स्वच्छ रिपोर्ट उभ्या जन्मात मिळायचा नाही.

शनिवारी सकाळी मी केबिनमध्ये गेलो. वासनिक आमचा ऑपरेटर, म्हणजे मशीनवर पिक्चर चालवणारा. पंधरा वर्षं त्याच केबिनमध्ये, तीन मुली शाळेत. कमी बोलायचा. मी म्हटलं, “वासनिक, पोळ्यांचं गाणं काढा.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. पिक्चरची प्रिंट थिएटरची नसते, वितरकाची असते. आठवडा-दोन आठवडे आपल्याकडे राहते आणि मग पुढच्या गावाला जाते. तिला परवानगीशिवाय कात्री लावणं म्हणजे भाड्याच्या घराची भिंत पाडणं. आधीच्या ऑपरेटरच्या हातून प्रिंटवर नुसते ओरखडे पडले होते, तर शेठनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवला होता.

“काढतो साहेब,” वासनिक म्हणाला, “पण दोन ओळी लिहून द्या.”

“लिहायचं काय त्यात? मी सांगतोय ना.”

त्यानं पुन्हा मागितलं नाही. रीळ उलगडून नेमक्या जागी कात्री लावली, कडा खरवडून सिमेंट लावलं आणि दोन टोकं चिकटवली. फिल्म जोडण्याच्या पातळ गोंदाला सिमेंट म्हणतात. चार मिनिटांची गुंडाळी डब्यात गेली. शनिवारी कोणी सिगारेट ओढायला बाहेर आलं नाही आणि मी स्वतःवर भलताच खूश झालो. लेडीज बाल्कनीचा जिना चढून बघावं, असं काही मला सुचलं नाही.

आणि आता या बायका दारात.

“फिल्म खराब झाली होती,” मी म्हटलं.

“दोन दिवसांत? नेमकी तेवढीच?” मेश्रामबाईंनी मागे वळून सांगितलं, “चला वं, वर चला. गाणं दाखवल्याबिगर कोनी उठाचं नाई.” आणि त्या खरोखर पुन्हा वर जाऊन आपापल्या खुर्च्यांवर बसल्या.

बाहेर सहाच्या शोची माणसं जमायला लागली. त्या रविवारी नेमकी गर्दी बरी होती, आणि रविवारी सहाला शेठही यायचे. मी धावत केबिनमध्ये गेलो.

“ती गुंडाळी नुसती चालवता येईल का? आत्ता?”

वासनिकनं घड्याळ बघितलं. “चार मिन्टाचं काम. लावतो. तुमी दारं बंद ठेवा.”

डोअरकीपरला दारावर उभं करून मी बाल्कनीत गेलो आणि अंधारात मागच्या रांगेत बसलो. पडद्यावर स्वयंपाकघर आलं. घरातली सगळी माणसं जेवून उठली आहेत, वहिनी शेवटच्या पोळ्या लाटते आहे आणि तिला कोणी जेवलीस का विचारलेलं नाही, एवढंच काय ते गाणं. मी ते आधी तीन वेळा ऐकलं होतं, लॉबीतून. आता मी पडद्याकडे फार बघितलंच नाही. एक खुर्ची करकरली नाही. मेश्रामबाईंच्या सासूबाई पदर तोंडावर धरून हमसून हमसून रडत होत्या आणि जाऊ त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला स्वतःची लाज वाटली. चांगलीच वाटली. तीन शोंना माणसं बाहेर येताना मी मोजली होती. आत किती जण बसून राहिले, ते एकदाही बघितलं नव्हतं.

गाणं संपलं. बायका उठल्या. मेश्रामबाई जाताना म्हणाल्या, “आता कापू नोका जी,” आणि उतरल्या. म्हणजे त्यांनी ते फिल्म खराब झाल्याचं क्षणभरही मानलं नव्हतं.

मी बाहेर आलो तर केबिनचं दार उघडं होतं आणि दारात शेठ. बंद हॉलमधून गाणं ऐकू येतंय म्हटल्यावर ते सरळ वर गेले होते. टेबलावर रिकामा डबा, कात्री, सिमेंटची बाटली. त्यांना कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

“वासनिक, प्रिंटले कैंची लावली?”

“हो शेठ. लावली.”

“तुले मालूम हाय ना याचा मतलब?”

“मालूम हाय.”

बस. एवढंच. तो पुढचं रीळ मशीनवर चढवू लागला, कारण सहाचा शो वेळेवर सुरू करायचा होता. मी शेठच्या मागेच उभा होतो. मी बोललो नसतो तर काही बिघडणार नव्हतं, माझं तरी. नोकरी नवी होती, घरी लग्नाचं चाललं होतं. वासनिकनं एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. त्यानं रागानं बघितलं असतं तर कदाचित मी तसाच उभा राहिलो असतो.

“शेठ, मी कापायला सांगितलं,” मी म्हटलं. “त्यानं लिहून मागितलं होतं. मी दिलं नाही.”

शेठ वळले. “तुमी? काहून?”

“पब्लिक म्हणत होती गाणं काढा.”

“कोनती पब्लिक?” त्यांनी जिन्याकडे बोट केलं. बायका अजून उतरत होत्या. “अन् ह्या मंग कोन होय?”



वासनिकनं त्याच संध्याकाळी, सहाचं पहिलं रीळ चालू असतानाच, गाणं जागच्या जागी जोडलं. सोमवारी वितरकाचा माणूस आला. त्यानं रीळ हातानं फिरवून दोन्ही जोड तपासले, माझ्याकडून कबुलीचं पत्र लिहून घेतलं आणि जाताना सवयीनं इंटर्व्हलला चहाच्या स्टॉलवर उभा राहिला. थोड्या वेळानं माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “खरं सांगू? लोक म्हणतात गाणं काढायला हवं.”

वासनिक तिथंच राहिला आणि पुढे तिथूनच रिटायर झाला. मला शेठनी मॅनेजरच्या खुर्चीवरून उठवून लेडीज बुकिंगच्या खिडकीवर बसवलं. शिक्षा म्हणून बसवलं, पण पिक्चरच्या धंद्यातलं जे काही मला कळलं ते तिथं कळलं. त्या खिडकीतून चेहरा दिसत नाही, फक्त बांगड्यांचा हात आत येतो. पण तिकीट हातात पडेपर्यंत मागच्या रांगेत जे बोलणं चालतं, ते चहाच्या स्टॉलवर कधीच ऐकू यायचं नाही. पिक्चर किती आठवडे चालणार ते मी पुढे तिथूनच सांगू लागलो आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

पुढे पुन्हा मॅनेजर झालो. नव्या पोरांना रिपोर्ट कसा घ्यायचा ते शिकवायची वेळ आली, तेव्हा मी त्यांना इंटर्व्हलची वाट बघू देत नसे. म्हणायचो, शो चालू असताना आत जा आणि जागेवर कोण बसलंय ते बघून ये. जो उठून बाहेर येतो त्याचं मत तुला विचारावंच लागत नाही.