अक्कांचं गाळणं

पद्माक्कांची आणि माझी पहिली भेट माझ्या बॅगेत झाली. म्हणजे मी बाहेर उभा होतो आणि त्या कोपरापर्यंत आत होत्या.

झांबियात कृत्रिम पाय बसवायचा कँप होता. कोल्हापुरातल्या जैन मंडळींच्या ट्रस्टचा, त्यामुळे जेवण कांदा-लसूण-बटाट्याविना, आणि त्या जेवणाच्या सर्वाधिकारी गडहिंग्लजकडच्या पद्माक्का. साठी ओलांडलेली, उसाच्या रानात उभा जन्म काढलेली बाई. निघायच्या दिवशी ट्रस्टच्या गाडीने आम्हा स्वयंसेवकांना घराघरांतून उचलून ट्रस्टच्या अंगणात आणलं, आणि तिथं अक्कांनी प्रत्येकाची बॅग उघडली. माझ्या बॅगेच्या तळाशी बनियनमध्ये गुंडाळलेली एक बरणी निघाली.

"हे काय हाय, पावणं?"

"आंब्याचं लोणचं, अक्का."

त्यांनी बरणी उन्हात धरली. "आंब्याला नळी कवापासनं याय लागली?"

माझं मटणाचं लोणचं वॉचमनला मिळालं. तो आजही मला बघितलं की उठून उभा राहतो.

"ऱ्हाता कुठं?"

"कळंब्याला."

कळंब्यात तलाव आहे, आमची गल्ली आहे आणि मध्यवर्ती कारागृहही आहे. अक्का म्हणाल्या, "आत का भाईर?"

तिथून जे वैर जुळलं, ते आफ्रिकेच्या उन्हातही सुकलं नाही.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. कँपातली वीज, जनरेटर, पंखे माझ्याकडे. सेवेची तळमळ वगैरे मी सगळ्यांना सांगितली होती, पण माझं मन होतं व्हिक्टोरिया धबधब्यात. त्याला आमच्या गल्लीतलं मंडळ जबाबदार. मी विमानात बसण्याआधीच पोरांनी चौकात डिजिटल बोर्ड लावला होता. मागे धबधबा, पुढे गॉगल घालून मी, डाव्या हाताला एक सिंह. वर मजकूर, 'आफ्रिका गाजवून आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. जाताना एक आणि आल्यावर एक असा दोनदा कोण लावणार, म्हणून थेट आल्याचाच लावला. सिंहाचं काय ते बघू, पण धबधब्यासमोर उभं राहून आल्याशिवाय मला त्या चौकातून जाता येणार नव्हतं.

कँप एका लहान गावातल्या शाळेत होता. काठ्या टेकत, कुणाच्या पाठीवर बसून माणसं यायची आणि अक्कांच्या पंगतीत बसायची. अक्कांना मराठीशिवाय आणि थोड्या कानडीशिवाय काही येत नव्हतं. तरी "खा की गं, नुसता पाय बशीवला म्हंजे चालाय येतंय व्हय?" म्हणून त्या ओरडल्या की समोरची बाई हसून आणखी एक भाकरी घ्यायची. मक्याची भाकरी अक्का प्रत्येकाच्या ताटात वाकून ठेवायच्या. माझ्या ताटात मात्र वरनं टाकायच्या, चांगली हातभर उंचीवरनं. आमटी माझ्या शर्टावर उडायची.

"अक्का, जरा हळू."

"भाकरी हाय. फुटत न्हाय."

त्यांचा एक नेम होता. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, आणि फडक्यावर जे जीव अडकले असतील, डोळ्यांना दिसोत न दिसोत, ते थोड्या पाण्याने एका झाकणाच्या तांब्यात उतरवायचे आणि जिथलं पाणी तिथंच नेऊन सोडायचे. सोडायचे म्हणजे ओतायचे नाहीत. तांब्या पाण्याला टेकवून अलगद उपडा करायचा. "त्येचं घर जितं हाय, तितं न्हेऊन सोडा," हे वाक्य मी रोज ऐकायचो. कँपच्या बोअरवेललासुद्धा त्यांनी दोरीने तांब्या आत सोडायची सोय करून घेतली होती, आणि ती मीच करून दिली होती. त्याबद्दल भाकरीची उंची बोटभरही कमी झाली नाही.

कँपच्या शेवटच्या रविवारी धबधब्याची सहल ठरली. गाडीत कँपचे मुख्य डॉक्टर, अक्का, मी आणि ड्रायव्हर मुडेंडा. अर्ध्या वाटेत एका ओढ्यावर थांबलो. अक्कांनी पाणी काढलं, गाळलं आणि तांब्या माझ्या हातात दिला. "पावणं, एवढं सोडून या."

मी खाली बघितलं. काठाला डोक्याएवढं गवत. आफ्रिकेतल्या पाण्याबद्दल मी जे काही टीव्हीवर बघितलं होतं, त्यात गवतानंतर मगर येते. मी एका झाडामागे बेताचा वेळ काढला, परत आलो आणि तांब्या सीटखाली सरकवला. पुढे एवढी मोठी झांबेझी नदी आहे, तिच्यात सोडू. पाण्याला पाणी मिळाल्याशी कारण.

तासाभराने अक्कांना तहान लागली. त्यांचा हात सीटखाली गेला आणि भरला तांब्या वर आला.

"हे काय?"

"अक्का, म्हटलं ओढ्यात कशाला, मोठ्या नदीत सोडू. त्यांचंही प्रमोशन!"

गाडीत कुणी हसलं नाही. अक्कांनी मुडेंडाच्या खांद्यावर थाप मारली आणि हवेत बोट गोल फिरवलं. "फिरीव गाडी."

डॉक्टर म्हणाले, "अहो अक्का, पाणी शेवटी सगळं सारखंच की."

"तुमास्नी झोपंतनं उचलून बेळगावात सोडलं तर? पाणी तितंबी हाय."

मी मुडेंडाला समजावायला लागलो, धबधबा, संध्याकाळी बंद होणारं गेट, उशीर. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. "अंबूया म्हणतेय," एवढंच म्हणाला. अंबूया म्हणजे आजी. गाडी फिरली.

ओढ्यावर बायका धुणं धूत होत्या. मी तांब्या घेऊन गवतातून उतरलो. पायाशी काहीतरी लांब, काळं दिसलं आणि मी उडी मारली ती थेट कमरेइतक्या पाण्यात. तो ओंडका होता. बायका धुणं सोडून हसायला लागल्या. अक्का हसल्या नाहीत. काठावर उभ्या राहून त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, फक्त तांब्याकडे बघत होत्या.

"टेकवा. पाण्याला टेकवा. वरनं टाकू नका!"

शेवटचा थेंब जाईपर्यंत त्यांची नजर हलली नाही. मग वळल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

धबधब्याचं गेट आमच्या तोंडावर बंद झालं. झाडांवर पांढरा तुषार चढत होता, जमीन थरथरत होती, आवाज तर असा की गेटवरचा माणूस मला काय सुनावतोय तेही ऐकू येईना. मी हात जोडले, कोल्हापूरचं नाव सांगितलं. त्याने कुलूप लावलं. मागे वळून बघतो तर अक्का दिवस बुडायच्या आत शेंगाचटणी-भाकरी खात बसलेल्या. सूर्य मावळल्यावर त्या काही खात नसत, त्यामुळे त्यांचं जेवण मात्र वेळेत पार पडलं.

त्यानंतर मी त्यांच्याशी बोललो नाही. कँपातले सगळे पंखे दुरुस्त केले, फक्त स्वयंपाकघरातला केला नाही. त्यांनी तो एकदाही मागितला नाही. घामाने निथळत भाकऱ्या थापल्या, आणि माझी वरनं टाकली.

कोल्हापुरात परत आल्यावर ट्रस्टच्या गाडीत शेवटी आम्ही दोघंच उरलो. ड्रायव्हरला मी मुद्दाम म्हटलं, "मला हायवेलाच उतरव. अक्कांना लांब जायचंय." खरं म्हणजे मला चौक टाळून मागच्या बोळाने घरी शिरायचं होतं.

"ह्यास्नी उचललं कुठनं?" अक्कांनी विचारलं.

"घरातनं की."

"मग?"

गाडी कळंब्यात शिरली. चौकात बोर्ड होता, खाली मंडळाची पोरं हलगी घेऊन उभी. एकाने खिडकीत डोकं घातलं. "अक्का, धबधबा कसला हाय वो?"

अक्कांनी बोर्ड वरपासून खालपर्यंत बघितला. सिंहही बघितला. "ह्येनी बगितला न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्ये वढ्यात पडलं हुतं."

हलगी थांबली. घरापर्यंतचा उरलेला रस्ता मी खाली मान घालून बसलो. दारात ड्रायव्हर टपावर चढला आणि माझी बॅग खाली भिरकावणार, तेवढ्यात गाडीतून आवाज आला.

"ए! वरनं टाकू नगंस. दारात न्हेऊन टेकीव."

त्याने बॅग उंबऱ्याशी टेकवली. मी निरोपाचं काहीतरी बोलायला वळलो, पण अक्कांना त्यात रस नव्हता. गाडी चालू होती आणि हलत नव्हती. मी उंबरा ओलांडून पुरता आत जाईपर्यंत त्या खिडकीतून बघत राहिल्या, ओढ्याच्या काठावरून तांब्याकडे बघितलं होतं तशा.

मग काच वर गेली.