घडीवालं रेकॉर्डिंग

इंटरनेटवरून एखादी गोष्ट काढून टाकायला एक बोट पुरतं. अकोल्याच्या जुन्या शहरातून तीच गोष्ट काढायला देवसुद्धा पुरत नाही. हे मला ज्या आठवड्यात कळलं, त्या आठवड्यात मी एकदाही धड जेवले नाही.

तेव्हा मी एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. म्हणजे तास झाला तर पगार, सुट्टी पडली तर उपास. उरलेल्या वेळात एक पॉडकास्ट चालवायचे. ‘चालवायचे’ हा मोठा शब्द झाला. मोबाइल, त्याला खुपसलेला स्वस्तातला माइक आणि आवाज घुमू नये म्हणून डोक्यावरून घेतलेली गोधडी, एवढाच तो संसार. जे आवाज रेडिओवर लागत नाहीत आणि ज्यांना कुणी स्टेजवर बोलावत नाही, ते मी गोळा करायचे. अमरावतीच्या एका होस्टेलमधली पोरं वऱ्हाडीतून रॅप करायची, त्यात निम्म्या शिव्या. मोर्णा नदीपलीकडचे एक चाचा दुकानाचं शटर अर्धं ओढून कव्वाली म्हणायचे, कारण घरी गाणं चालत नव्हतं. एक बाई जात्यावरच्या चालीत सासऱ्याचा उद्धार करायची. नियम एकच होता, कुणाचंही नाव सांगायचं नाही. प्रत्येकाला वाटायचं की आपलं ऐकावं, आणि प्रत्येकाला भीती होती की आपल्याला ओळखतील.

भीती त्या वर्षांत हवेतच होती म्हणा. एका वर्षी सोयाबीन पावसानं बुडवलं, दुसऱ्या वर्षी पावसावाचून गेलं, मध्येच गारपीट. लोक शेतात कमी आणि कचेऱ्यांच्या बाकड्यांवर जास्त दिसायचे. कसला ना कसला अर्ज, कसला ना कसला दाखला.

त्या बाकड्यांच्या पलीकडे, टेबलामागे, माझा मोठा भाऊ बसायचा. एका तालुक्याच्या गावी तो सरकारी कचेरीत कारकून होता, रोज अकोल्याहून जाऊन-येऊन. गावाचं नाव सांगत नाही, सवय राहिली आहे. बाबा नोकरीत असतानाच गेले आणि दादा अनुकंपावर लागला. खरं तर त्याला नाटकात जायचं होतं. तो कचेरीत गेला म्हणून मी एम.ए. झाले. हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. आईनं मात्र ते अधूनमधून दाखवलं.

एका रविवारी दादानं मला आपला मोबाइल दिला आणि म्हणाला, “ऐक आन् पुसून टाक.”

रेकॉर्ड रूममध्ये, जेवणाच्या सुट्टीत, त्यानं स्वतःच रेकॉर्ड केलं होतं. कचेरीतल्या कोरड्या आवाजात तो एक फॉर्म वाचतो आणि प्रत्येक ओळीनंतर टेबलावर शिक्का मारतो. त्या शिक्क्याचाच ठेका. आणि मध्येमध्ये एक म्हातारी उत्तर देते, तीही तोच.

“अर्जदार हयात आहे काय?” ठप्प.

“मी समोर हाय ना, बाबू.”

“असल्यास पुरावा जोडावा.” ठप्प.

“हे पाहा हात. अजून हलते.”

“साक्षांकित प्रत जोडावी.” ठप्प.

असं चार मिनिटं चालतं. शेवटी म्हातारी विचारते, “आन् तुमी बाबू? तुमी हाय का?” मग शिक्का पडत नाही. नुसती शांतता, आणि कुठूनतरी एक पाखरू तीनदा चिवचिवतं, मग काहीतरी सुरेल वाजून अर्ध्यात तुटतं.

मी ते लगेच पुन्हा एकदा लावलं. मी विचारलं, “हा म्हातारीचा आवाज कुठून आणलास?”

“येते एक,” तो म्हणाला. मी पुढे काही विचारलं नाही. मला तेव्हा फक्त एपिसोड दिसत होता.

पुढचे पंधरा दिवस मी त्याच्या मागे लागले. आवाज बदलीन, नाव तर सांगतच नाही, कुणाच्या बापाला कळणार नाही, असं सगळं म्हणून झालं. तो शेवटी हो म्हणाला, पण म्हणाला, “पाहाय बाई, नोकरीले धक्का नाई लागला पाह्यजे. आईचं औषधपाणी त्याच्यावरच हाय.” मी हसले होते. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मी आवाजाची पट्टी खाली ओढली. खोकला काढला, खुर्चीची कुरकुर काढली, बाहेरून कुणीतरी मारलेली हाक काढली. पाखरू मात्र ठेवलं. नुसतं ठेवलं नाही, चांगलं मोठं केलं, आणि एपिसोड त्याच्यावरच संपवला. खिडकीबाहेरच्या झाडावरचं असावं, असं समजून मी स्वतःच्या कानावर खूश होते.

नेटवर आमचे ऐकणारे पन्नाससुद्धा नसतील, आणि त्यातले निम्मे पुण्याला शिकायला गेलेले. खरा प्रसार करायचा तो जुन्या शहरातला एक दुकानदार. तो लोकांच्या मोबाइलची मेमरी कार्डं गाण्यांनी भरून द्यायचा. ऑटोवाले, ट्रॅक्टरवाले, रसवंतीवाले, सगळ्यांची कार्डं त्याच्याकडे. गाणी भरली की भाजीवाली वर कोथिंबीर टाकते तसा तो आमचा एक एपिसोड टाकून द्यायचा. दादाचा त्यानं टाकला आणि चारच दिवसांनी म्हणाला, “मॅडम, हे तं लोक मांगून राहिले.” मी हुरळून गेले. दादाला सांगितलं तर त्यानं नुसती मान हलवली, पण त्या दिवशी तो आंघोळ करताना गुणगुणत होता.

मग तो बुधवार. अमरावतीहून पेपर तपासायचं काम आटोपून मी एसटीनं अकोल्याला परत येत होते. मूर्तिजापूरला गाडी थांबली म्हणून रस प्यायला उतरले. रसवंतीच्या स्पीकरवर गाणं संपलं आणि दादाचा आवाज सुरू झाला. माझ्या हातात ग्लास होता. बाकावर दोन माणसं आणि एक बाई बसली होती, दादाच्या तालुक्याकडचीच असावीत, हातात दवाखान्याच्या पिशव्या. ती हसत ऐकत होती. मला वाटलं, सांगावं की हे मी केलंय. इतक्यात शेवट आला आणि पाखरू चिवचिवलं.

त्यातला एक जण म्हणाला, “घ्या. हे तं आपल्या कचेरीतली घडी व्हय.”

“तेच,” बाई म्हणाली. “अर्धीच वाजते मेली. तीन दिवस बसून होतो आमी तिच्याखाली.”

“मंग हा बोलून राह्यला तो बाबू तिथलाच असन.”

“असनच. दुसरं कोण असन?”

मी रस तसाच ठेवून गाडीत जाऊन बसले. झाडावरचं पाखरू नव्हतंच ते. कचेरीच्या हॉलमध्ये कुणीतरी निवृत्त होताना भेट दिलेलं भिंतीवरचं घड्याळ होतं. तासाच्या ठोक्याला त्यात चिमणी ओरडायची आणि मग धून लागायची, ती मध्येच अडकायची. दादाच्या कानाला ते सवयीनं केव्हाच ऐकू येईनासं झालं होतं, मला ते माहीतच नव्हतं. पण बाकड्यावर तासन्‌तास बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात ते रुतलेलं होतं, आणि मेमरी कार्डं नेमकी त्याच माणसांच्या खिशात होती.

घरी पोचताच मी एपिसोड नेटवरून काढला. खरं सांगायचं तर काढण्याआधी एक कॉपी ठेवली. तेवढी अक्कल शाबूत होती.

गुरुवारी सकाळी जुन्या शहरात दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले. दुकानदारानं ऐकून घेतलं, खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. मग म्हणाला, “मॅडम, कार्डं तं निघून गेले. अब क्या करें. जे परत येईन त्याच्यातून मी पुसतो.” त्यानं शब्द पाळला. दिवसभर बसून आलेल्या प्रत्येक कार्डातून तो ते काढत होता, आणि मी समोर स्टुलावर बसून बघत होते. दुपारी एक ट्रॅक्टरवाला आला. गाणी सगळी बदल म्हणाला, वर सांगितलं, “ते घडीवालं तेवढं राहू द्या.”

दादाला कसं सांगू या विचारात गुरुवार गेला. शुक्रवारी तोच लवकर घरी आला. चपला न काढता पलंगावर बसला. त्यांचे साहेब नवे होते, दहाच दिवसांपूर्वी बदलून आलेले. ते एसी लावून बंद केबिनमध्ये बसत, त्यामुळे त्यांना घड्याळ-बिड्याळ काही ठाऊक नव्हतं. पण कुणीतरी त्यांच्या फोनवर रेकॉर्डिंग धाडलं होतं, खाली लिहून, की तुमच्याच कचेरीतलं आहे, घडी ऐका. साहेबांनी दार सताड उघडं ठेवून सगळ्या कारकुनांना झापलं. सोमवारी एक वाजता हॉलमध्ये सगळ्यांसमोर लावतो, म्हणाले, घड्याळाशी ताडून बघतो, जुळलं की आवाज कुणाचा ते काढतो, आणि ज्यानं हे केलं त्याला त्याच दिवशी घरी बसवतो.

“माझी चूक आहे,” मी म्हणाले. “मी ते पाखरू मोठं केलं.”

“मले तं ते वाजते हेच ध्यानात नाई राह्यलं,” दादा म्हणाला. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

शनिवार-रविवार आम्ही दोघं घरात एकमेकांना चुकवत फिरलो. आई विचारायची, दोघांचं काही बिनसलं का, आणि आम्ही दोघंही नाही म्हणायचो. रविवारी मी त्याला गाठून हळूच म्हटलं, “लवकर जाऊन सेल काढून टाक ना.”

“मी काढले तं मीच गुन्हेगार ठरतो. शिपाई सकाळपासून तिथंच रायते,” तो म्हणाला. “काहून जीव खाऊन राह्यली? होईन ते होईन.” पण इस्त्री करताना त्यानं शर्टाची कॉलर जाळली.

सोमवारी मी तास घेतला नाही. एक वाजला, दोन वाजले, फोन आला नाही, मी केला नाही. आईनं ताट वाढलं ते झाकून ठेवलं. संध्याकाळी दादा आला, हातपाय धुतले आणि मला गच्चीवर बोलावलं.

एक वाजायच्या आधी साहेब हॉलमध्ये आले होते. कारकून उभे, बाकड्यांवर वीस-पंचवीस माणसं. साहेबांनी फोनवर रेकॉर्डिंग लावलं. दादा म्हणाला, त्याचे कान इतके वाजत होते की स्वतःचाच आवाज त्याला ऐकू आला नाही. मग सगळे घड्याळाकडे बघत थांबले. एक वाजला साहेबांच्या मनगटावर. भिंतीवर नऊ पस्तीसच होते. शिपायानं स्टूल घेऊन घड्याळ उतरवलं तर मागे सेलच नाहीत.

“कधीपासून बंद आहे हे?” साहेबांनी विचारलं. शिपाई खाली बघू लागला, हेडक्लार्क फायलीत. बाकड्यावरची एक म्हातारी बोलली, “हे कवाचीच बंद हाय, साहेब. तीन महिने झाले मी येऊन राह्यली. एक डाव नाई वाजली.” तिच्या बाजूचे माना हलवू लागले. कुणी म्हणालं, मागच्या दिवाळीपासून बंद आहे. साहेब फोन खिशात घालून केबिनमध्ये निघून गेले.

मला रडू फुटलं.

“ती कोण होती?” मी विचारलं.

“तेच. येते एक.”

ती निराधाराच्या अनुदानासाठी येत होती. हयातीचा दाखला नाही म्हणून तिची फाइल दादानंच तीनदा परत केली होती. कचेरी सुटताना ती त्याच्या टेबलापाशी आली, चौथ्यांदा फाइल ठेवली आणि फायलीवर दोन सेल ठेवले. दादा म्हणाला, तिचा हात काही त्या घड्याळापर्यंत पोचत नाही. म्हणजे काढले दुसऱ्याच कुणीतरी, उंच माणसानं. म्हणजे बाकड्यावर सगळ्यांनाच माहीत होतं.

“म्हणे, त्या रेकॉर्डात माहाच आवाज काढला ना तुमी? बरोबर काढला. पण आखरीले चुकले तुमी, म्हणे.”

“काय चुकलं?”

“म्हणे, मी कुठं काई विचारलं होतं तुमाले? मी तं कागद घडी करून घरी गेली होती.”

एवढ्या जणांचे आवाज घेताना मी प्रत्येकाला लावू का म्हणून विचारलं होतं. तिला विचारायचं मला सुचलंच नाही, कारण दादानं ‘येते एक’ म्हटलं तरी माझ्या लेखी ती त्यानं रचलेलीच होती.

“मग?” मी म्हटलं.

“मंग काय. दाखला आजबी नव्हता. मी ‘अर्जदार समक्ष हजर’ लिहिलं आन् फाइल पुढं धाडली.” त्यानं खिशातून सेल काढून कठड्यावर ठेवले. “आता दाखल्याबिगर फाइल धाडली हे कोणाच्या ध्यानात आलं तं?”

आज ती कॉपी माझ्याकडे आहे. मी ती पुसलीही नाही आणि पुन्हा कुठे लावलीही नाही. दादानं त्यानंतर काही रेकॉर्ड केलं नाही. पुढे कितीतरी महिने कचेरीतून फोन आला की तो उचलण्याआधी माझ्याकडे बघायचा, आणि मला दोघांच्याही फायली आठवायच्या, त्याची नोकरीची आणि तिची अनुदानाची.