एका झेरॉक्सचे चार वाटेकरी

आमच्या साताऱ्याच्या कॉम्प्युटर क्लासला कुलूप लागून जमाना झाला. तरी भेटलो की जुन्या किश्शांत एखादा नवा निघतोच!

डिझाइन पॅटर्न्सचं, म्हणजे प्रोग्रॅम रचायच्या ठरलेल्या पद्धतींचं पुस्तक म्हणजे आमच्याकडे सांगलीहून आणलेली एकच झेरॉक्स. सरांनी तिची शिलाईच उसवली! चार गठ्ठे केले, एक स्वतःला ठेवला, बाकीचे मला, सांगलीच्या विजयाला आणि मेढ्याच्या दत्ताला दिले. आपल्या गठ्ठ्यातला एकेक पॅटर्न आपण शिकायचा आणि रविवारी बाकीच्यांना शिकवायचा. दत्ताला घरून एकच वर्ष मिळालं होतं. नोकरी लागली तर ठीक, नाहीतर परत शेतावर.

माझ्या वाट्याला सिंगलटन. अख्ख्या प्रोग्रॅममध्ये एकच ऑब्जेक्ट, सगळ्यांनी तोच वापरायचा. मी तासभर फळा भरला.

विजया म्हणाली, "एवढं कशाला? अख्ख्या क्लासला एकच मोडेम आहे, तो दाखवायचा की!"

तिचा डेकोरेटर. तिनं डबाच उघडला. आधी नुसते चुरमुरे, मग मसाला, शेंगदाणे, कांदा. मूळ वस्तू तीच, वर एकेक थर! भडंग संपलं तसे सर गंभीरपणे म्हणाले, "विजया, नीट कळलं नाही. पुढच्या रविवारी परत घे."

दत्ताला तर पॅटर्नचं वेडच लागलं. साध्या नाव-पत्त्याच्या वेबपेजमध्ये त्यानं अकरा पॅटर्न घातले. बटण दाबलं, स्क्रीन कोरी!

"सर, प्याटर्न समदे बरोबर हायत!"

"अरे, मग पेज कुठंय?"

वर्ष संपता संपता त्यानं पुण्याला इंटरव्ह्यू दिला. निकाल मेढ्याच्या एसटीडी बूथवर फोननं येणार होता. त्या आठवड्यात मी त्याच्याच घरी होतो. त्याचे वडील, आबा, तासातासाला बूथवर विचारायला जायचे. शेवटी दत्तानं त्यांना ऑब्झर्व्हर पॅटर्न समजावला.

"आबा, सारखं इचारू नगा. एकदा नाव देऊन ठेवायचं. फोन आला की बूथवाला सांगावा धाडंल."

आबांना पटलं. नाव देऊन आले. नंतरचे चार दिवस मात्र ते सकाळी भाकरी बांधून जे जात, ते दिवेलागणीलाच परतत. आम्हाला वाटलं, शेतावर असतील.

पाचव्या दिवशी भर दुपारी आबा धापा टाकत दारात. "दत्त्या, तुला घेतलंय म्हनं!"

आम्ही दोघंही रडलो, खोटं कशाला सांगू! मग डोळे पुसत दत्ता म्हणाला, "आवं आबा, सांगावा बूथवाला धाडणार हुता न्हवं? तुमी कसं?"

"नाव दिलं हुतं की रं. पर तू इचारू नगा म्हनलास. बाकड्यावर बसू नगा, असं कवा म्हनलास?"