डॅशबोर्डवरची वेणी

मांद्र्यातल्या कृष्णनाथला गाडीवाला शोधून काढायचा नाद आहे. तीस वर्षं बस चालवून तो निवृत्त झाला. आता फाटकासमोर कोणी गाडी लावून गेलं की तो चिडत नाही, हात मागे बांधून तिच्याभोवती फिरतो. पायदानावर रेती दिसली तर माणूस दर्यावर. मागच्या सीटवर बाळाची टोपी असली तर शहाळेवाल्याच्या सावलीत. फाटकावर 'गाडी लावू नये' अशी पाटी आहे, पोलिसांना फोन केला तर ते गाडी ओढून नेऊ शकतात, सगळं त्याला ठाऊक आहे. बायको प्रभावती टोकते तेव्हा म्हणतो, "आधी माणूस शोधूक होयो गो."

त्या मंगळवारी मात्र हा खेळ परवडणारा नव्हता. देवीच्या नैवेद्याची पाळी त्यांच्या घरी वर्षातून एकदाच येते. प्रभावती पहाटेपासून सोवळ्यात रांधत होती. बाराच्या आरतीआधी ताट देवळात पोचायला हवं, देऊळ दोन किलोमीटरवर, आणि तिचे गुडघे चालण्याचं नाव काढू देत नव्हते. सव्वाअकराला पाहतात तर फाटकाला चिकटून एक पांढरी गाडी, आणि त्यांची स्वतःची आत अडकलेली!

"पर्यटक न्हय," कृष्णनाथ वाकून म्हणाला. "टायराक खाणीकडची तांबडी माती. डिचोलीची गाडी. सीट फुडे ओढलेली, बाई एकटीच इली."

"पण गेली खंय?"

"तांच कळना नाय."

प्रभावती काचेपाशी आली. डॅशबोर्डवर अबोलीची वेणी होती. ताजी, पण मधोमध वाकलेली, केसांच्या आकड्यासकट.

"माळलेली काढून ठेवल्यान," ती हळूच म्हणाली. "अहो, तुमका टायर कळतत, वेणी कळना नाय. फुलां काढून बाई खंय जाता?"

दोघांनीही फणसापलीकडच्या यशवंतच्या घराकडे पाहिलं. काल संध्याकाळी त्याची आई गेली होती. भावकी नव्हे, म्हणून सुतक नव्हतं; पण तिथे जाऊन आलं की आंघोळ हवी. म्हणून दोघांनी ठरवलं होतं, पाळी झाल्यावर जाऊ.

"हयसूनच हाक मारू?"

"मेलेल्याच्या घरात गाडी काढ म्हणून? जावा तुम्ही. येताना बावीवर न्हावा. देवी थांबतली."

देवीचं तिने सांगितलं खरं, पण डोळे घड्याळावर होते.

यशवंत त्याला पाहून गळ्यातच पडला. कृष्णनाथला गाडीचं नाव काढवेना. यशवंतची मावसबहीण रेश्मा दारात आली, तिला पाटी आठवली आणि ती स्वतःच चावी घेऊन धावली. "कचेरीत फोन इलो, तशीच निघालंय. रडणां ऐकलां आणि पाय थांबूक नाय." प्रभावतीच्या हातातलं ताट दिसताच ती लांबूनच वळसा घालून गाडीत शिरली.

विहिरीवर चार बादल्या, ओल्या केसांनीच कृष्णनाथची गाडी चालू. ताट उंबऱ्यावर टेकलं आणि आरतीची घंटा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी फाटकासमोर निळी गाडी. कृष्णनाथने हात मागे बांधून एक फेरी मारली, थांबला, आणि घराकडे तोंड करून ओरडला, "प्रभा, जरा भायर ये गो! काचेआड काय दिसता तां तूच बघ."